दहापैकी किती? ऑपरेशननंतरचं दुखणं आणि ते मोजणारी माणसं

सोनचाफा (धागाकर्ती)

जानेवारीत आईचा उजवा गुडघा बदलला. वय ७१, रक्तदाबाची एक गोळी, क्रिएटिनिन १.४, म्हणजे किडनी जरा कमजोर. पुण्यातलं रुग्णालय आहे, नाव सांगणार नाही, कृपया विचारूही नका. ऑपरेशन छान झालं, सर्जनबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे ती पहिल्या रात्रीची.

संध्याकाळी कमरेतल्या भुलीचा अंमल उतरत आला तेव्हा सिस्टर आली. "आजी, दहापैकी किती दुखतंय?"

आई म्हणाली, "आहे आपलं. एवढं कापाकापी केल्यावर दुखणारच की."

"आकडा सांगा ना आजी."

आईने माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि भाजीवाल्याला सांगावं तसं म्हणाली, "घाल तीन."

रात्री दोनला मला जाग आली ती पलंगाचा कठडा खडखडल्यामुळे. आईने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला होता. मांडीपासून पोटरीपर्यंत सणक जातेय आणि मधेच आग आग होतेय, म्हणाली. बेल का नाही दाबलीस म्हटलं, तर "ती पोर एकटी सगळा मजला सांभाळतेय, तिला कुठे परत परत उठवायचं?" मग धावपळ, ट्रामाडॉलचं इंजेक्शन. दुखणं जरा दबलं, पण पहाटेपासून ओकाऱ्या आणि गरगर. सकाळी फिजिओथेरपिस्ट आला, आईचा अवतार बघून "उद्या उभं करू" म्हणत गेला. एक दिवस वाया.

घरी आल्यावर फाइल चाळली. त्या रात्रीचे आकडे: १० वाजता ३, १२ वाजता ३, २ वाजता ३, ४ वाजता २, ६ वाजता २. दोन वाजता माझी आई रडत होती हो!

सोबत दहा दिवसांची ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी लिहून दिली होती, सकाळ-संध्याकाळ. भाऊ जर्मनीतून फोनवर म्हणतो, "ती ओपिऑइड आहे, अफूसारखं काम करणारी, ताबडतोब थांबव." शेजारच्या काकू म्हणतात, "डॉक्टरांनी दिलंय ना, मग कोर्स पुरा कर." मी कोणाचं ऐकू? सहा महिन्यांनी डावा गुडघा करायचाय. तेव्हा हे असं पुन्हा होऊ नये म्हणून जाणकारांनी लिहावं.

चकलीची_भाजणी

सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनाही हा दहाचा हिशेब पटेना. एका म्हाताऱ्या वॉर्डबॉयने विचारलं, "अण्णा, रुपयात किती?" लगेच उत्तर आलं, "सकाळी बारा आणे होतं, आता आठ आणे." आमच्याकडे अजूनही "रुपयात चार आणे फरक पडला" असंच म्हणतात. सोनचाफा, आईला आण्यात विचारून बघा.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, २० वर्षं हेच करतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

सोनचाफा, तुमच्या आईने तीन सांगितलं त्यात तिची चूक नाही. त्या मुलीनेही नियमाप्रमाणेच विचारलं. चुकलं ते प्रश्नातच. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत भयंकर दुखणं, ही पट्टी जगभर वापरतात आणि ती वाईट नाही. पण ती एका माणसाची त्याच्याशीच तुलना करायला बरी. दुपारी ७ आणि इंजेक्शननंतर ४, यातून काहीतरी कळतं. तुमच्या आईचा ३ आणि शेजारच्या खाटेवरचा ३ यांचा एकमेकांशी संबंध नाही. आणि नुसत्या आकड्यावरून औषधाची मात्रा ठरवायला लागलं की घोटाळा सुरू होतो.

दुसरं असं की निश्चल पडलेल्या माणसाला विचारलेला आकडा निम्माच खरा असतो. गुडघा न हलवता तीन, आणि कूस बदलताना आठ. मी राउंडला गेलो की आकडा विचारतो, पण शेवटी. आधी म्हणतो, जोरात खोकून दाखवा. खोल श्वास घ्या. टाच गादीवरून घासत वर आणा. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस खोकताना हात पोटाशी नेऊन अर्ध्यातच थांबला, तर त्याने ‘दोन’ सांगितलं तरी माझ्या लेखी त्याचं दुखणं आटोक्यात नाही. उलट एखादा हसत हसत ‘आठ’ सांगतो आणि चालत संडासला जाऊन येतो. त्याला मॉर्फिन देणं म्हणजे त्याचा चांगला दिवस बिघडवणं. ऑस्ट्रेलियात तर यासाठी सरळ अ-ब-क अशी श्रेणी करतात: हालचाल बिनघोर, हालचाल थोडी अडते, हालचाल जमतच नाही. मला ती फार शहाणपणाची वाटते.

ज्यांना आकडा सांगता येत नाही त्यांच्यासाठी वेगळ्या पट्ट्या आहेत. लहान मुलांसाठी सहा चेहऱ्यांची, जी १९८०च्या दशकात अमेरिकेत टल्सा गावातल्या वाँग आणि बेकर या दोघींनी मुलांबरोबर बसून तयार केली. तीतही गंमत आहे, आई दिसत नाही म्हणून रडणारं पोर रडका चेहरा दाखवतं, टाके दुखतात म्हणून नाही. त्याहून लहान बाळाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटते का हे बघून प्रत्येकाला ० ते २ गुण देतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठीही अशाच निरीक्षणाच्या पट्ट्या आहेत. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये आपली व्याख्या सुधारली तेव्हा मुद्दाम नोंदवलं की बोलून सांगता येत नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही.

आता ट्रामाडॉल. शेजारच्या काकूंना सांगा, ही अँटिबायोटिक नव्हे. हिला ‘कोर्स’ नसतो. दुखणं उतरलं की सोडायची. दोन-चार दिवस घेतली असेल तर तशीच थांबवली तरी चालते. काही आठवडे रोज घेतली असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची.

डाव्या गुडघ्याचं उद्या लिहितो, केस आली आहे.

नाना_आजरेकर

१९७४ साली माझं अपेंडिक्स कोल्हापुरात काढलं. आठवा दिवस टाके काढायचा. पेनकिलर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, दात ओठ खाऊन पडून होतो. काही झालं नाही. आता जरा खुट्ट झालं की इंजेक्शन पाहिजे. सहन करायची सवयच गेली लोकांची. मग व्यसन लागेल नाहीतर काय!

भूलवाला

नाना, तुम्ही आठ दिवस दात ओठ खाल्लेत हे खरं. पण तेव्हा वीस वर्षांचे असाल, फुप्फुसं ठणठणीत. ७१ वर्षांची बाई दुखतंय म्हणून खोल श्वास घेत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. हलत नाही, पायात रक्ताची गुठळी होते. साखर आणि रक्तदाब वर चढतात. आणि पहिल्या काही दिवसांत जोरदार दुखणं तसंच राहू दिलं तर काहींच्या मज्जातंतूंना ते ‘पाठ’ होतं, जखम भरली तरी दुखणं जात नाही. सहन करणं हा गुण असेल, उपचार नव्हे. ओपिऑइड कमी वापरायचं ते दुखणं सहन करून नाही, दुसऱ्या वाटेने दुखणं मारून.

मिशिगनकर

नानांची व्यसनाची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. मी २५ वर्षं इथे अमेरिकेत अ‍ॅन आर्बरजवळ राहतोय, आमच्या डोळ्यांदेखत झालं ते थोडक्यात सांगतो.

१९८०मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात एका परिच्छेदाचं पत्र छापून आलं होतं. रुग्णालयात ओपिऑइड दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची स्पष्ट नोंद फक्त ४ जणांची, इतकंच. ते रुग्णालयात दाखल असलेले लोक होते, घरी महिनोन्‌महिने गोळ्या खाणारे नव्हते. पण पुढे तेच पत्र ‘व्यसन लागतच नाही’ याचा पुरावा म्हणून शेकडो ठिकाणी उद्धृत झालं. १९९५च्या सुमारास इथल्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने दुखण्याला ‘पाचवं जीवनलक्षण’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे नाडी, ताप, श्वास, रक्तदाब आणि दुखणं. १९९६मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइडची गोळी बाजारात आली. २००१पासून रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने प्रत्येक रुग्णाचं दुखणं नोंदवणं बंधनकारक केलं. हेतू चांगला होता, कारण त्याआधी लोक खरंच तळमळत पडायचे. पण नाडीसारखा तो आकडा यंत्राने मोजता येत नाही, आणि एकदा ‘७’ लिहिला की तो खाली आणणं हे नर्सचं कर्तव्य. खाली आणायचा सोपा रस्ता म्हणजे गोळी. त्यात भर म्हणून घरी गेलेल्या रुग्णांना सर्वेक्षणात विचारायचे, दुखणं कमी करायला आम्ही शक्य ते सगळं केलं का? त्या उत्तरांवर रुग्णालयाचे पैसे ठरायचे. २०१६मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेच हे ‘पाचवं लक्षण’ प्रकरण सोडा म्हटलं, आणि पुढे त्या प्रश्नांचा पैशांशी असलेला संबंधही तोडला.

माझं स्वतःचं सांगतो. २०११मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. घरी जाताना हायड्रोकोडोन या ओपिऑइडच्या ४० गोळ्या हातात. मी ६ घेतल्या. उरलेल्या ३४ बाथरूमच्या कपाटात चार वर्षं पडून होत्या, घरात दोन शाळकरी मुलं. आजही अंगावर काटा येतो. २०२२मध्ये बायकोचं तेच ऑपरेशन, तिला ८ गोळ्या मिळाल्या, त्यातल्या ३ लागल्या.

हा फरक आपोआप पडलेला नाही. इथल्या विद्यापीठातल्या सर्जन मंडळींनी रुग्णांना फोन करून विचारलं, खरंच किती गोळ्या घेतल्या? उत्तरं ऐकून त्यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरचं प्रिस्क्रिप्शन साधारण ५० गोळ्यांवरून १५ वर आणलं. पुन्हा गोळ्या मागायला येणाऱ्यांची संख्या वाढली नाही. गंमत म्हणजे लोक आधीपेक्षा कमी गोळ्या घ्यायला लागले. ताटात कमी वाढलं की माणूस कमी खातो तसं.

२०१७चा त्यांचा दुसरा अभ्यास मला जास्त हलवून गेला. आधी कधी ओपिऑइड न घेतलेले ३६ हजारांवर रुग्ण. ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांनीही गोळ्या घेत राहिलेले ६ टक्क्यांच्या आसपास. आणि ऑपरेशन छोटं असो की मोठं, आकडा जवळजवळ तोच: ५.९ आणि ६.५. म्हणजे या लोकांच्या गोळ्या जखमेमुळे चालू राहिल्या नव्हत्या. सिगारेट, दारू, आधीपासूनची चिंता-नैराश्य, आधीचं कुठलं तरी जुनं दुखणं, असल्या गोष्टी असलेल्यांना धोका जास्त होता. ऑपरेशनच्या आधी हे कोणी विचारतं का?

दवावाला

सांगलीकडं दुकान हाय, २२ वर्षं झाली. साहेबांची अमेरिका ऐकली, आता आमचं ऐका.

ट्रामाडॉल २०१८पासून एनडीपीएस, म्हंजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, त्याआधीपासून शेड्यूल एच-१ मध्ये हाय. चिठ्ठी पाहिजे, रजिस्टरला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं. तरी रोज कोणतरी येतंय, "मागल्या वेळची तीच गोळी द्या, आईला बरी पडती." नाही म्हटलं की पुढच्या दुकानात. तिथं मिळती का नाही ते मी बोलत नाही.

पण मला खरी भीती दुसरीच. सोनचाफा ताई, तुमच्या आईच्या त्या गोळीत ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ असतंय. पेशंट ती घेतोय, वर अंग गरम वाटलं म्हणून डोलो ६५०, वर पाय ठणकतोय म्हणून घरात पडलेली कॉम्बिफ्लाम. तिन्हीत पॅरासिटामॉल! नावं वेगळी म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं की लिव्हरचं काम. वजनानं बारीक आणि दारू घेणारा असंल तर त्याच्याही आधी. आणि कॉम्बिफ्लाममधलं आयब्युप्रोफेन तुमच्या आईच्या किडनीला चालणार नाही, क्रिएटिनिन १.४ म्हणताय.

अजून एक. डिप्रेशनची गोळी चालू असंल तर ट्रामाडॉल घ्यायच्या आधी डॉक्टरला सांगायचंच. दोन्ही मिळून घाम, थरथर, कधी फिटसुद्धा. अर्धे लोक डिप्रेशनची गोळी सर्जनला सांगतच नाहीत, लाजतात.

रातपाळी

स्टाफ नर्स, १४ वर्षं. तो ‘२’ कुठून येतो ते मी सांगते, राग मानू नका.

रात्री २६ पेशंट, आम्ही दोघी. मी ७ लिहिला की मला रेसिडेंट डॉक्टरला फोन करावा लागतो. तो दुसऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये असतो. ऑर्डर मिळाली तर दोन कुलपांचं कपाट उघडायचं, दोघींच्या सह्या, अँप्यूल मोजायची, उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकायचं, रिकामी अँप्यूल जमा करायची. अर्ध्या तासाने परत जाऊन आकडा विचारायचा आणि लिहायचा. हे एका पेशंटचं. ३ लिहिला तर काहीच करावं लागत नाही. कुठली सिस्टर वाईट असते म्हणून असं होत नाही, आणि हे बरोबर आहे असंही मी म्हणत नाही.

दुसरं, पहाटे ४ला झोपलेल्या आजीला उठवून "किती दुखतंय" विचारायचं का? नाही उठवलं तर रकाना मोकळा, ऑडिटला शेरा. उठवलं तर आजी चिडणार. मग मागचाच आकडा उतरतो. पण झोप लागली म्हणजे दुखणं गेलं असं नसतं हे आम्हाला शिकवलेलं आहे. आणि ओपिऑइड दिलेला पेशंट गाढ झोपलाय याचा आनंद तर मानायचाच नाही. हाक मारून डोळे उघडतो का, मिनिटाला श्वास किती, हे मोजायचं. १०च्या खाली जायला लागले की मी पळत सुटते. नातेवाईक म्हणतात, "झोपलीये शांत, राहू द्या ना." एकदा एक मुलगा वडिलांना झोप लागावी म्हणून वेदनेच्या पंपाचं (बटण दाबलं की ओपिऑइड शिरेत सोडतो तो) बटण स्वतःच दाबत राहिला होता. बटण फक्त पेशंटने दाबायचं असतं हो! झोप आली की त्याचा हात आपोआप थांबतो, तीच तर त्या यंत्राची सुरक्षा.

माझ्यापुरतं मी आकड्याच्या आधी शब्द विचारते. आमच्याबरोबर केरळच्या दोन सिस्टर होत्या, त्यांनाही मी हेच शब्द आधी शिकवले. ठणका आहे का? ठसठसतंय का? आग होतेय, मुंग्या येतात? कळ येऊन जाते? ओढल्यासारखं, की टोचल्यासारखं? आकडा सांगायला लाजणारी बाई यावर भरभरून बोलते. बाळंतिणी तर कळा मिनिटांच्या हिशेबाने सांगतात, त्यांना कुठे पट्टी लागते?

भूलवाला

रातपाळी ताई, तुमचा प्रतिसाद आमच्या पोस्टग्रॅज्युएट मुलांना छापून वाटायला हवा. त्या शब्दांना खरंच अर्थ आहे. टाक्यांपाशी ओढ, टोचणी असेल तर जखमेचं. कळ येऊन पीळ पडून जात असेल तर आतड्याचं. आग, मुंग्या, विजेसारखी सणक असेल तर मज्जातंतूचा संशय, त्यावर नेहमीची औषधं अपुरी पडतात. आणि आधी कमी झालेला ठणका तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढला तर गोळी वाढवायची नाही, पट्टी उघडून बघायची. जंतुसंसर्ग आहे का, पोटरी सुजली आहे का. वाढलेलं दुखणं कधी कधी निरोप घेऊन आलेलं असतं, त्याचं तोंड बंद करायचं नसतं.

आता सोनचाफा, डाव्या गुडघ्याबद्दल. ही तुमच्या डॉक्टरांशी बोलायची गोष्ट आहे, मी इथून औषध लिहीत नाहीये.

मूळ कल्पना हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जनची. १९९०च्या दशकात त्याने मांडलं की दुखण्याच्या वाटेवर चार-पाच ठिकाणं आहेत, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं अडवा, म्हणजे एकाच औषधाची मोठी मात्रा लागत नाही. तुमच्या आईसाठी त्याचा अर्थ काय? कमरेतली भूल असतेच. तिच्या जोडीला मांडीच्या आतल्या बाजूने सोनोग्राफीवर बघून मज्जातंतूजवळ सुन्न करणारं औषध सोडता येतं, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्या जागी ब्लॉक दिला की गुडघा सुन्न होतो पण मांडीचा मोठा स्नायू बराचसा शाबूत राहतो, म्हणजे उभं राहता येतं. पूर्वी जांघेत द्यायचो, त्याने पाय लुळा पडायचा आणि माणसं पडायची. सर्जन स्वतःही सांध्याभोवती तेच औषध टोचतात. मग पॅरासिटामॉल, पण दुखलं तर नाही, घड्याळ लावून सहा-सहा तासांनी. सगळ्यांची चूक इथेच होते. साधी गोळी म्हणून ती ‘लागली तर’ यादीत टाकतात आणि ट्रामाडॉल मात्र नियमित. नेमकं उलट हवं. किडनी ठीक असलेल्यांना आयब्युप्रोफेनसारखं काहीतरी पॅरासिटामॉलच्या जोडीला द्यायचं. दोन्ही मिळून जे काम करतात ते एकेकट्याला जमत नाही. तुमच्या आईला ते टाळावं लागेल, म्हणून ब्लॉक जास्त महत्त्वाचा. ओपिऑइड सगळ्यात शेवटी, कमीत कमी, आणि ओकारीचं औषध आधी देऊन.

ब्लॉकबद्दल एक इशारा कोणी देत नाही. तो १२ ते २४ तासांत उतरतो, बहुतेकदा रात्रीच, आणि उतरला की दुखणं एकदम अंगावर येतं. त्याच्या आधीच पॅरासिटामॉल पोटात असलं पाहिजे. मागच्या वेळी ब्लॉक दिला होता का, हे फाइलमध्ये बघा. दोन वाजताची ती सणक मला ओळखीची वाटतेय.

गॅबापेंटिन-प्रीगॅबालिन ही मज्जातंतूच्या दुखण्याची औषधं हल्ली सर्रास देतात. वृद्धांना मी देत नाही. गुंगी येते, ओपिऑइडबरोबर श्वास मंदावतो, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१९मध्ये तसा इशाराही दिलाय. आणि ब्युप्रेनॉर्फिन या ओपिऑइडचा तो सात दिवसांचा चिकटपॅच गुडघ्यानंतर लावायची फॅशन आहे. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, आणि पहिल्याच रात्रीसाठी तो लावतात! वरून शेकायची पिशवी ठेवली तर औषध जास्त शोषलं जातं. लावला असेल तर तिथे शेक नको.

हळदीचे_दूध

आमच्याकडे निर्गुंडीच्या पाल्याचा शेक देतात. गोळ्या कशाला?

दवावाला

ताई, टाक्यावर पाला नको. नंतर बघू.

कोकणसडा

दोन दिवस लिहू की नको करत होतो.

बाबांना २००९मध्ये जबड्याचा कर्करोग झाला. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गाव. शेवटचे तीन महिने त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या हव्या होत्या आणि जवळ कुठेही मिळत नव्हत्या. एका ठिकाणी सांगितलं, "आमच्याकडे लायसन नाही." दुसऱ्या ठिकाणी, "सवय लागेल." तीन महिने आयुष्य उरलेल्या माणसाला सवय लागेल! मी रात्रीच्या गाडीने परळला टाटा हॉस्पिटलला जायचो, तिथल्या पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना कमी करणाऱ्या विभागातून गोळ्या घेऊन परत. पहिली गोळी घेतल्यावर बाबा पाच तास झोपले. त्याआधी कधी सलग झोपले होते आठवत नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. १९८५च्या एनडीपीएस कायद्यानंतर परवान्यांचं इतकं जंजाळ झालं की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. ज्या देशात मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचेच कारखाने आहेत, त्या देशात! केरळात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, २०१४मध्ये कायदा बदलला, मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला वेगवेगळ्या परवान्यांच्या मागे धावावं लागत नाही. बाबांना त्याचा उपयोग नव्हता.

म्हणून ‘ओपिऑइड कमी करा’ हे वाक्य वाचलं की पोटात गोळा येतो. अमेरिकेत कमी करण्याइतकं होतं तरी. मिशिगनकर, तुमच्या कपाटातल्या त्या ३४ गोळ्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

मिशिगनकर

कोकणसडा, काय लिहू. त्या ३४ गोळ्या शेवटी मी पोलीस ठाण्यातल्या औषध परत करायच्या पेटीत टाकल्या.

भूलवाला

कोकणसडा, बरं केलंत लिहिलंत. कर्करोगाचं दुखणं आणि ऑपरेशननंतरचं दुखणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. ऑपरेशनचं दुखणं रोज उतरणार हे माहीत असतं, म्हणून तिथे औषधाला शेवटची तारीख असते. कर्करोगाचं चढत जातं, तिथे मॉर्फिनला हात आखडणं हा गुन्हा आहे. आमच्याच लोकांनी ही गल्लत केली. ऑपरेशन झालेल्याला गरज संपल्यावरही ट्रामाडॉल, आणि कर्करोग झालेल्याला गरज असताना फक्त पॅरासिटामॉल.

नाना_आजरेकर

कोकणसडा, माझं वरचं बोलणं मागे घेतो. अपेंडिक्सचं म्हणजे काहीच नव्हतं.

मिशिगनकर

जाता जाता एक. जानेवारी २०२५मध्ये इथे सुझेट्रिजिन नावाचं नवीन औषध मंजूर झालंय. ते ओपिऑइड नाही. मेंदूवर काम न करता बाहेरच्या मज्जातंतूंतलं सोडियमचं एक दार बंद करतं, त्यामुळे व्यसनाची भीती नाही. पण चाचण्यांत ते बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं, हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलपेक्षा नाही. किंमत विचारू नका.

सोनचाफा

सहा महिने झाले, धागा वर काढतेय. परवा आईचा डावा गुडघा झाला. रुग्णालय तेच, सर्जन तेच.

भूलवाला, तुमचं बरोबर होतं, फाइलमध्ये ब्लॉकची नोंद होती. तो रात्री एकच्या सुमारास उतरला असणार आणि तोपर्यंत आईला पॅरासिटामॉलची एकच बाटली मिळाली होती. या वेळी आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई भेटायला आल्या तेव्हा मी वही घेऊनच बसले. मागच्या वेळच्या ओकाऱ्या, क्रिएटिनिन, दोन वाजताची सणक, सगळं सांगितलं. त्यांनी हसून विचारलं, "कुठल्या फोरमवर आहात?" पण पॅरासिटामॉल घड्याळाने लिहिलं, ओकारीचं इंजेक्शन आधीच दिलं, आणि ट्रामाडॉल ‘लागल्यास’ मध्ये टाकलं.

त्रास झालाच नाही असं नाही. पहाटे तीनला ठणका चढला, बेल मी दाबली, आईला विचारत बसले नाही. ट्रामाडॉलचा निम्मा डोस. एक ओकारी झाली. सकाळी दहाला वॉकर धरून दारापर्यंत गेली, तिथे उभी राहून बाहेरच्या बाकावर कोण बसलंय ते बघून आली. घरी येताना या वेळी ट्रामाडॉलच्या ६ गोळ्या दिल्या आहेत, त्यातली एक लागली, फिजिओच्या आधी.

आणि चकलीची_भाजणी, तुमचं आण्यांचं गणित. काल संध्याकाळी नवीन सिस्टर आली, नांदेडची, तेवीस-चोवीस वर्षांची. "आजी, दहापैकी किती?" आई म्हणाली, "बसल्या जागी चार आणे, पाय वाकवला की सहा आणे."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी मोबाइलवर हिशेब करून सांगितलं, अडीच आणि पावणेचार.

ती म्हणाली, "पावणेचारचा रकाना नाहीये ताई. चार लिहू?"

आई म्हणाली, "लिही. पण वाकवल्यावरचं आहे, तेही लिही."

नाना_आजरेकर

आईसाहेबांना नमस्कार सांगा.

रातपाळी

तिने ‘वाकवल्यावर’ लिहिलं का?

सोनचाफा

लिहिलं. समासात, पेन्सिलने.